माल निघाला, पैसे आले का?

मराठी प्रकाशकांच्या जुन्या पिढीला ‘व्ही.पी. परत आली’ एवढे तीन शब्द ऐकले की धस्स व्हायचं. वाचकानं कार्ड टाकून पुस्तक मागवायचं, प्रकाशकानं ते व्ही.पी.नं रवाना करायचं आणि पोस्टमन दारात उभा राहिला की आतून निरोप यायचा, ‘मालक गावाला गेलेत.’ पुस्तक कोपरे दुमडून परत, आणि टपालखर्च प्रकाशकाच्या माथी. भारतात व्ही.पी.ची, म्हणजे माल हाती देताना पैसे वसूल करण्याची, सोय १८७७ साली सुरू झाली. आज ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ या नावानं तीच सोय आणि तेच दुखणं घरोघरी आलं आहे. इन्स्टाग्रामवर झुमके विकणारी ताई असो, व्हॉट्सॲपवर गोडा मसाला विकणाऱ्या काकू असोत, की मार्केटप्लेसवर सावंतवाडीची लाकडी खेळणी टाकणारा मुलगा, सगळ्यांची रात्रीची झोप एकाच प्रश्नाने उडते: माल तर निघाला, पैसे येणार ना?

बहुतेक नवे विक्रेते पाठवणी आणि वसुली हे दोन वेगळे विषय धरतात. कुरिअर कोणतं हे एका दिवशी ठरतं, पैसे कसे घ्यायचे हे दुसऱ्या दिवशी. माझ्या मते हा एकच निर्णय आहे. माल तुमच्या हातून सुटतो तिथपासून पैसे खात्यात पडेपर्यंत जे चार-आठ दिवस जातात, त्यांतली जोखीम कुणी उचलायची? छोट्या विक्रेत्यानं ती एकट्यानं उचलू नये.

पण त्याआधी वजन. वस्तूची किंमत जाहीर करण्यापूर्वी ती खऱ्या डब्यात, खऱ्या पॅकिंगसह बांधा आणि काट्यावर ठेवा. कुरिअरचे दर साधारणपणे अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी चढतात आणि टप्पा एका ग्रॅमनं ओलांडला तरी पुढच्या टप्प्याचे पैसे पडतात. मसाल्याची पाव किलोची चार पाकिटं म्हणजे एक किलो. त्यावर खोका, बबल रॅप आणि टेप मिळून समजा १४० ग्रॅम. झालं, बिल दीड किलोचं. त्याऐवजी तीन पाकिटं आणि सोबत मेतकुटाची १०० ग्रॅमची पुडी असा संच केला, तर सगळं मिळून ९९० ग्रॅम भरतं आणि किलोच्या आत बसतं. गिऱ्हाईकाला वेगळी चव मिळते, तुमचा अर्ध्या किलोचा आकार वाचतो. संच ठरवताना काटा शेजारी हवा तो यासाठी.

दुसरं वजन काट्यावर दिसत नाही. बहुतेक कुरिअर कंपन्या आकारमानाचंही वजन काढतात: खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि ५००० ने भागायचं. येईल तो आकडा किलोत. खरं वजन आणि हे वजन, यांपैकी जे जास्त त्याचे पैसे. काही कंपन्या ५००० पेक्षा लहान आकड्यानं भागतात, म्हणजे वजन आणखी फुगतं. गोधडी विकणाऱ्यांना याचा फटका सर्वांत जास्त बसतो. पावणेदोन-दोन किलोची गोधडी तुम्ही ४० × ३० × २० च्या खोक्यात घातलीत, तर गुणाकार २४,००० आणि वजन ४.८ किलो. तीच गोधडी घट्ट घडी करून, हवा दाबून, प्लॅस्टिकच्या कुरिअर पिशवीत ४० × ३० × ९ मध्ये बसवली तर २.१६ किलो. बिल पाच किलोच्या जागी अडीच किलोचं. गोधडी तीच, गाव तेच. खोका दिसतो छान, पण कापडाच्या मालाला तो लागत नाही.

वजनावरून वाद होतातच. तुम्ही अर्धा किलो नोंदवता, कंपनीच्या गोदामातलं यंत्र एक किलो दाखवतं आणि फरकाचे पैसे तुमच्या वॉलेटमधून परस्पर कापले जातात. यावर एकच औषध: प्रत्येक पार्सल काट्यावर ठेवून, लेबल आणि आकडा दोन्ही दिसतील असा फोटो. शेजारी मोजपट्टी धरून दुसरा. तक्रार करायला मोजकेच दिवस मिळतात, म्हणून कापलेल्या पैशांचा तक्ता आठवड्यातून एकदा तरी उघडून बघा.

आता कुणाकडून पाठवायचं ते. पोस्टाला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत, पण दीड लाखांहून अधिक कार्यालयं असलेलं दुसरं जाळं या देशात नाही. भामरागड, धडगाव किंवा कोकणातली एखादी आडवाडी असा पत्ता आला की खासगी कुरिअरवाला एक तर ‘तिथे सर्व्हिस नाही’ म्हणतो, नाही तर तालुक्याच्या गावी येऊन घेऊन जा म्हणून गिऱ्हाईकाला फोन करतो. पोस्टमन तिथे जातो. म्हणून शहरांसाठी कुरिअर आणि खेड्यांसाठी पोस्ट अशी सरळ विभागणी ठेवली तर कटकट बरीच कमी होते.

पोस्टातही हल्ली बरंच बदललं आहे. १९८६ पासून चालत आलेल्या स्पीड पोस्टमध्ये २०२५ साली रजिस्टर्ड पोस्ट विलीन झालं. जुनी गिऱ्हाइकं अजून ‘रजिस्टर करून पाठवा’ म्हणतात. आता ज्याच्या नावे आहे त्याच्याच हाती टपाल द्यायचं असेल, तर स्पीड पोस्टवर नोंदणीची जोड घ्यावी लागते. ओटीपी सांगितल्यावरच टपाल देण्याचीही सोय आली आहे. या दोन्ही जोडसेवांना ऑक्टोबर २०२५ च्या दरपत्रकाप्रमाणे प्रत्येकी ५ रुपये आणि वर जीएसटी पडतो. त्याच दरपत्रकातला ५० ग्रॅमपर्यंत स्थानिक १९ रुपये आणि बाहेरगावी ४७ रुपये हा दर बातम्यांमधून सर्वत्र फिरला, पण तो कागदपत्रांसाठीचा आहे. तुमची कानातल्यांची जोडी ४० ग्रॅमची असली तरी ती वस्तू, तिला पार्सलचा दर. व्हॉट्सॲपवर आलेला दरतक्ता पाहून ‘पोस्टेज ५० रुपये’ असं जाहीर करू नका. बांधलेलं पार्सल घेऊन खिडकीवर जा आणि तिथे विचारा.

जुनी पुस्तकं विकणाऱ्यांसाठी एक चांगली गोष्ट आहे. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ नावाची सेवा सुरू झाली. सुरुवातीच्या दरानुसार ३०० ग्रॅमपर्यंतचं पुस्तक २० रुपयांत आणि पाच किलोपर्यंतचा गठ्ठा १०० रुपयांत जातो, कर वेगळे. टपाल जमिनीवरून जातं म्हणून वेळ लागतो, पण माग काढता येतो. अटी मात्र नीट पाहा: शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक अशी छापील पुस्तकं चालतात, त्यावर मुद्रक किंवा प्रकाशकाचं नाव हवं. नियतकालिकं आणि जाहिरातींनी भरलेला मजकूर चालत नाही. म्हणजे आपल्या दिवाळी अंकांना ही वाट बंद. महाराष्ट्रात याचं वाईट वाटणारे बरेच निघतील!

खासगी कुरिअरमध्ये दोन मार्ग आहेत. एक, कोपऱ्यावरच्या फ्रँचायझीवाल्याशी बोलून दर ठरवणं. महिन्याला वीस-तीस पार्सलं देणार असाल तर तो दर कमी करतो आणि घरी येऊन उचलूनही नेतो. दुसरा, शिपरॉकेटसारख्या मध्यस्थ ॲपवरून अनेक कंपन्यांचे दर एका जागी पाहून नोंदणी करणं. ॲपवर सोय मोठी, लेबल घरी छापता येतं, पण आधी वॉलेटमध्ये पैसे भरावे लागतात आणि तक्रारीला माणूस सापडायला वेळ लागतो. सुरुवातीला वॉलेटमध्ये पाच पार्सलांपुरतेच पैसे ठेवा. एसटीचं पार्सलही विसरू नका. कोल्हापूरहून पुण्याला सकाळपर्यंत माल हवा असेल आणि गिऱ्हाईक स्थानकावर येऊन घ्यायला तयार असेल, तर हा मार्ग अजूनही कामाचा आहे.

विम्याबद्दल थोडक्यात. पार्सल हरवलं तर विमा नसताना मिळणारी भरपाई वाहतूकखर्चाच्या हिशेबात असते, मालाच्या किमतीच्या नव्हे. पावतीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. पैठणी किंवा चांदीची वस्तू पाठवायची तर खरी किंमत लिहून विमा उतरवाच. विम्याचे चार पैसे वाचवायला किंमत कमी लिहिलीत, तर दावाही तेवढ्याचाच मंजूर होतो.

पत्ता घेताना पिनकोड सर्वांत आधी मागा. पिनकोडची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती बसवली आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या, टपाल खात्यात अधिकारी असलेल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. एकाच नावाची गावं हे तिच्यामागचं एक मोठं कारण. पिंपळगाव आणि वडगाव महाराष्ट्रात किती आहेत ते मोजायला बसू नका. महाराष्ट्र आणि गोव्याचे पिन ४० ते ४४ या आकड्यांनी सुरू होतात, त्यांतला ४४ विदर्भाचा. गिऱ्हाईकानं जिल्हा सोलापूर लिहिला आणि पिन ४४ ने सुरू होत असेल, तर पार्सल बांधण्याआधी फोन करा. एवढ्याशा तपासणीनं बरीच पार्सलं परत येण्यापासून वाचतात.

आता कॅश ऑन डिलिव्हरी, म्हणजेच सीओडी. तिच्याशिवाय विक्री होत नाही, असं मानणारे पुष्कळ आहेत. अनोळखी पेजवर आधी पैसे भरायला लोक घाबरतात आणि त्यात त्यांची चूक नाही, फसवणारेही तेवढेच आहेत. पण हिशेब करून बघा. समजा ५०० रुपयांची १०० पार्सलं सीओडीनं पाठवली आणि त्यांतली २० परत आली. जायचे ७० आणि यायचे ६० धरले, तर परत आलेल्या पार्सलांवर २,६०० रुपये गेले. पोहोचलेल्या ८० पार्सलांवर वसुलीचा आकार प्रत्येकी ३५ रुपये धरला तर आणखी २,८०० रुपये. एकूण ५,४००, म्हणजे विकल्या गेलेल्या प्रत्येक नगामागे साडेसदुसष्ट रुपये. नगामागे १२० रुपये सुटत असतील तर त्यातले अर्ध्याहून अधिक इथेच गेले. शिवाय वसूल झालेले पैसे कंपनी तुम्हाला लगेच देत नाही, आठवडाभर किंवा त्याहून जास्त काळ ते तिच्याकडेच राहतात. तेवढे दिवस कच्च्या मालाला पैसे तुमच्या खिशातले. परत आलेले लाडू पुन्हा विकता येत नाहीत हे तर धरलेलंच नाही.

यावर जुनाच उपाय चालतो: विसार घ्या. ५०० च्या ऑर्डरला १०० रुपये आधी यूपीआयनं आणि उरलेले ४०० दारात. ज्याला खरोखर वस्तू हवी आहे तो १०० रुपयांना मागेपुढे पाहत नाही, आणि गंमत म्हणून बटण दाबणारा तिथेच गळतो. पार्सल परत आलंच तर त्या १०० रुपयांत वाहतुकीचा बराचसा खर्च निघतो. मात्र विसार परत मिळणार की नाही, हे ऑर्डर घेतानाच मेसेजमध्ये स्पष्ट लिहा. नंतर सांगितलंत तर गिऱ्हाईक तुम्हालाच लबाड म्हणेल. पूर्ण पैसे आधी भरणाऱ्याला ३०-४० रुपये सूट द्या, ती सीओडीच्या खर्चातून सहज सुटते. आणि ‘फ्री शिपिंग’ लिहायचंच असेल तर एका नगावर लिहू नका, तीन नगांवर लिहा. एका नगावरची फुकट पाठवणी म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

आधी पैसे घ्यायचे तर यूपीआय सर्वांत सोपं. बँक खात्यातून केलेल्या यूपीआय व्यवहारावर विक्रेत्याला आकार पडत नाही. घरच्या बचत खात्याच्या क्यूआरऐवजी व्यवसायासाठी वेगळं खातं आणि वेगळा क्यूआर ठेवा. नंतर हिशेब लावताना ‘हे ५०० मावशींचे की ऑर्डरचे’ असा प्रश्न पडत नाही. कार्डवाले किंवा परगावचे ग्राहक वाढले की पेमेंट गेटवेची लिंक घ्या. त्यावर साधारण दोन टक्के आणि त्या आकारावर जीएसटी कापला जातो, पैसे दोन-तीन कामकाजाच्या दिवसांत येतात. महिन्याला दहा-वीस ऑर्डर असतील तर गेटवेची गरज नाही, असं माझं मत.

यूपीआयमध्ये फसवणुकीचे प्रकार ठरलेले आहेत. पहिला, बनावट स्क्रीनशॉट. हिरवी खूण, तुमचं नाव, रक्कम, सगळं हुबेहूब दाखवणारी खोटी ॲप फिरतात. स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे, आलेला एसएमएससुद्धा नव्हे. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये जमा दिसली तरच पैसे आले. दुसरा, ‘मी लष्करात आहे, युनिटसाठी पन्नास डबे चिवडा हवा, आमच्याकडे पेमेंटची पद्धत वेगळी आहे, हा क्यूआर स्कॅन करा’ असं सांगणारा फोन. पैसे घेण्यासाठी क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिन तर कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. तिसरा प्रकार जरा नाजूक: कुणी तरी ५०० ऐवजी ५,००० पाठवतं आणि उरलेले दुसऱ्याच नंबरवर परत मागतं. पैसे परत करायचे तर ज्या खात्यातून आले त्याच खात्यात, दुसरीकडे नाही. शंका आली तर ‘बँकेमार्फत मागा’ असं सांगून थांबा.

याच तिसऱ्या प्रकारातून आणखी एक संकट येतं. फसवणुकीचे पैसे फिरत फिरत तुमच्या खात्यात आले, तर सायबर पोलिसांच्या सूचनेवरून बँक ती रक्कम, कधी कधी अख्खं खातं गोठवते. तुमचा दोष नसतो, पण ते सिद्ध तुम्हालाच करावं लागतं. म्हणून प्रत्येक ऑर्डरचं साधं बिल, ट्रॅकिंग नंबर आणि ग्राहकाशी झालेलं बोलणं किमान वर्षभर जपा. असं झालं तर बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि पोलीस ठाण्याचं नाव लेखी मागा आणि हे कागद तिकडे द्या. तुमचीच फसवणूक झाली तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

मार्केटप्लेसवर विकत असाल तर पाठवणी आणि वसुली दोन्ही त्यांच्याकडे, त्यामुळे निवडायला फारसं उरत नाही. तिथे पाहायचं ते कापलेल्या रकमांचं विवरण. विक्रीवर जीएसटीचा टीसीएस अर्धा टक्का आणि आयकराचा टीडीएस ०.१ टक्का कापला जातो. वर्षाला पाच लाखांपर्यंत विक्री करणाऱ्या व्यक्तीनं पॅन दिला असेल तर हा टीडीएस कापत नाहीत. कापलेला कर म्हणजे खर्च नव्हे, विवरणपत्र भरताना तो वजा मिळतो. राज्याबाहेर वस्तू विकणाऱ्याला उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते, हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना मर्यादेपर्यंत सूट आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात वस्तू विकत असाल तर नोंदणीसाठी उलाढालीची मर्यादा ४० लाखांची. बंगळूरच्या गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवरून मसाला पाठवण्याआधी हे एकदा कर सल्लागाराला विचाराच.

परदेशी फराळ पाठवणाऱ्यांनी अमेरिकेकडे विशेष लक्ष द्यावं. ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला तिथे असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली. त्या सुमारास आपल्या पोस्टानं अमेरिकेचं टपालही काही आठवडे थांबवलं होतं आणि ऑक्टोबरच्या मध्यात ते पुन्हा सुरू झालं, आता शुल्क नोंदणी करतानाच भरून घेतात. म्हणजे चकलीच्या किमतीत शुल्क धरलं नाहीत तर ते तुमच्या खिशातून जाणार. तिकडच्या मुलांसाठी फराळ मागवणाऱ्या आईवडिलांना हे आधीच सांगा, ते समजून घेतात.

नाशवंत माल शुक्रवारी पाठवू नका, रविवार मध्ये येतो. ट्रॅकिंग नंबर गिऱ्हाईकानं मागण्याआधी आपणहून पाठवा. आणि या आठवड्यात एक काम करा: तुमच्या सर्वांत जास्त खपणाऱ्या तीन वस्तू पूर्ण पॅक करून त्यांचं वजन, लांबी, रुंदी, उंची एका कागदावर लिहा, तो कागद घेऊन पोस्टाच्या खिडकीवर आणि दोन कुरिअरवाल्यांकडे जा, आणि तिघांचे दर त्यावरच लिहून आणा. दिवाळीच्या ऑर्डरी सुरू झाल्या की हे करायला वेळ मिळत नाही.